वादी, संवादी आणि गॅप सर्टिफिकेट

जिल्हा परिषदेचा गुरुजी निवृत्त झाला की त्यानं काय करावं, याचे आमच्या धाराशिवात ठरलेले मार्ग आहेत. बार्शी रोडला प्लॉट घ्यावा आणि रोज संध्याकाळी जाऊन तो जागेवर आहे ना, हे बघून यावं. किंवा पारावर बसून सोयाबीनच्या भावावर मत द्यावं. अगदीच करमेना, तर मुलाकडे पुण्याला जावं आणि तिथलं पाणी मानवत नाही म्हणून महिन्याच्या आत परत यावं. माझी पेन्शन सुरू झाली, सत्काराच्या शाली कपाटात गेल्या, आणि मी घरात जाहीर केलं की मी एम. ए. करणार आहे. संगीतात.

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्यानं पेन्शन वाढती का?"

"नाही."

"कमी तर होत नाही ना? मग करा."

मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, आधी फॉर्म बघा. फॉर्म बघितल्यावर बऱ्याच लोकांची आवड आपोआप कमी होते." तिनं इंजिनिअरिंगचा भरलेला असल्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं.

आता माझं आणि संगीताचं नातं सांगायला हवं. माझं बालपण तेरचं, म्हणजे गोरोबाकाकांच्या गावचं. तिथं भजनात बसणाऱ्या पोराला पेटी वाजवता येते की नाही, हे कुणी विचारत नसे. पेटीपुढं ढकलत. तेरला तेव्हा बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी यायची. तीच लाइन कुर्डुवाडी, पंढरपूर करत थेट मिरजेला जायची. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव आणि अब्दुल करीमखाँसाहेबांचं गाव. म्हणजे आमच्या स्टेशनापासून शास्त्रीय संगीतापर्यंत रूळ टाकलेले होते. गाडीच काय ती फार हळू चालायची. माझी प्रगतीही त्याच वेगानं झाली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत मी विशारद झालो तोवर डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. एका परीक्षकांनी तर मला विद्यार्थ्याचा पालक समजून बाहेर बसायला सांगितलं होतं.

बाकी रियाज शाळेत. कळंब तालुक्यातल्या माझ्या एका शाळेतल्या पेटीचे मध्यम आणि निषाद हे दोन्ही सूर बसलेले होते. आत उंदरांचा संसार होता, आणि त्यांनी नेमके तेवढेच दोन सूर का निवडले हे त्यांनाच ठाऊक. दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीत गेला तो गेलाच. मध्यम-निषाद वगळले की काय उरतं, हे जाणकारांना सांगायला नको. पेटीची बदली होईपर्यंत आमची प्रार्थना, प्रतिज्ञेनंतरचं समूहगीत, स्वच्छतेचं गाणं आणि मतदार जागृतीचं गाणं, सगळं भूप रागात होत असे. शुद्ध भूपाची एवढी अखंड सेवा महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शाळेनं केली असेल असं मला वाटत नाही.

फॉर्म भरायला ज्या ई-सेवा केंद्रात गेलो, तिथं खुर्चीवर माझाच जुना विद्यार्थी. चौथीत पाढे म्हणताना सतराच्या पाढ्याला त्याला हटकून लघवीला लागायची. आता त्याच्या पाठीमागं दोन प्रिंटर होते आणि समोर मी.

"गुरुजी, डिग्री कुठली?"

"बी. ए., १९८८. मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद."

त्यानं यादी वर केली, खाली केली. "असं विद्यापीठ न्हाई ह्यात. औरंगाबाद बी न्हाई."

खरंच नव्हतं. १९५८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचा १९९४ साली नामविस्तार झाला आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. ज्या जिल्ह्यात बसून मी अभ्यास केला तो उस्मानाबाद जिल्हा २०२३ साली कागदोपत्री धाराशिव झाला. हल्ली तर रेल्वे स्टेशनाचीही पाटी बदलली. मी मात्र गल्ली सोडून कुठं गेलेलो नाही. तरीही माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर जी जी नावं छापलेली आहेत, त्यातलं आज जसंच्या तसं शिल्लक राहिलेलं नाव फक्त माझं. त्यातही स्पेलिंग आधारवर वेगळं आहे.

"गुरुजी," विद्यार्थी स्क्रीन माझ्याकडं वळवून म्हणाला, "पहिल्या पानावर जिल्हा उस्मानाबाद घेतंय, दुसऱ्या पानावर धाराशिव. आन तिसऱ्या पानावर लाल अक्षरात म्हणतंय, जुळत न्हाई. तुम्ही एकाच टायमाला दोन जिल्ह्यांत राहूलालाव असं दिसूलालंय."

नावात तफावत असल्यास प्रतिज्ञापत्र जोडावे, अशी त्याखाली सूचना होती. ती वाचून मला आपल्या संगीताच्या इतिहासाची काळजी वाटायला लागली. नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व. रामभाऊ कुंदगोळकर उर्फ सवाई गंधर्व. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली उर्फ कुमार गंधर्व. एवढे गंधर्व एका सकाळी नोटरीच्या टेबलापुढं उभे राहिले तर स्टँप पेपर कुठून आणायचे? ज्या पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांवर आम्ही परीक्षा पास झालो, ते तर स्वतः वकील; पण त्यांनीही संस्कृत ग्रंथ लिहिताना 'चतुर पंडित' असं नाव घेतलं. मार्कशीट विष्णू नारायणच्या नावानं आणि ग्रंथ चतुर पंडिताच्या. अर्ज छाननीतच बाद.

आणि शार्ङ्गदेव? 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात लिहिला गेला तो आमच्या मराठवाड्यात, देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी. म्हणजे हल्लीच्या दौलताबादला. अख्ख्या हिंदुस्थानचे संगीतवाले ज्या पुस्तकाला हात लावून शपथ घेतात, ते आपल्या विभागात तयार झालं, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे, आणि तो आम्ही पुस्तक न उघडता बाळगतो. पण मला शार्ङ्गदेवांबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो तो ते हिशेबखात्यात होते म्हणून. दिवसा राज्याचा जमाखर्च आणि उरलेल्या वेळात बावीस श्रुती. शासकीय कर्मचारी संगीतात काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण नाही. मात्र त्यांचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. डोमिसाइल मागितलं असतं तर अडचण होती.

डोमिसाइलचा मुद्दा काढायचाच झाला, तर मूळ हार्मोनियम फ्रान्सची. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं, तेही मींड नीट निघत नाही या कारणावरून. पोरीला सासरी तीस वर्षं घरात घेतलं नाही, तरी गावात तिचंच नांदणं. असो.

खरी परीक्षा गॅप सर्टिफिकेटची. शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळात तुम्ही काय करत होता, हे शपथेवर सांगावं लागतं. साधारण हा खंड एखाद्या वर्षाचा असतो; पोरगं नीटची तयारी करत असतं किंवा त्याला कावीळ झालेली असते. माझा खंड जवळजवळ चार दशकांचा. कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडं मजकूर तयारच होता. त्यानं फक्त सालं बदलली आणि कागद माझ्या हातात दिला. मी वाचला: सन १९८८ ते २०२५ या कालावधीत प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी शिक्षण घेऊ शकलो नाही, आता माझी प्रकृती ठणठणीत असून मी पुढील शिक्षण घेण्यास सक्षम आहे.

"अहो, मी नोकरीत होतो!"

"मग तसं सांगायचं की. कारण काय टाकू?"

आता काय सांगायचं? मी शिकवत होतो, असं म्हणालो असतो. पण शपथेवर बोलायचं होतं. त्या काळात मी जनगणना केली. निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या, नंतर मशीन वाहिली. खिचडीचे तांदूळ मोजले, शौचालयं मोजली, दुष्काळात छावणीतली जनावरं मोजली. मोजण्याचा एवढा अनुभव तालात उपयोगी पडेल, असं मी म्हणालो. टायपिस्टनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि 'कौटुंबिक कारणास्तव' असं टाकलं.

आता इथं माझं एक मत मांडतो, आणि ते मांडल्यावर आमच्या भजनी मंडळानं दोन गुरुवार माझ्याशी अबोला धरला होता. जो तो म्हणतो, विद्यापीठात कुठं गाणं असतं होय? गाणं गुरूच्या घरी. फॉर्म भरून का कुणी गवई झालाय? बरं. मग गुरूच्या घरचा प्रवेश कसा होता ते बघू. भीमसेन जोशी १९३३ साली अकरा वर्षांचे असताना गदगच्या घरातून पळाले. तिकीट नाही, तपासनीस आला की गाणं म्हणायचं. ग्वाल्हेर झालं, कलकत्ता झालं, पार जालंधर गाठलं. तिथं विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं, अरे, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, इकडं कशाला आलास? अर्ध्या हिंदुस्थानला वळसा घालून पोरगं परत आपल्या मुलखात. फॉर्मवर 'नजीकचे केंद्र निवडा' असा एक रकाना असता तर हे सगळं वाचलं असतं. प्रवेश मिळाल्यावरही आधी घरचं पाणी भरणं, सा नंतर. अल्लादियाखाँसाहेबांनी केसरबाई केरकरांना शिकवायचं कबूल केलं तेही कडक अटी घालूनच. ही मंडळी अस्सल सोन्याची, म्हणून टिकली. पण दारातून परत गेलेल्यांची यादी कुणी लावली आहे का? कुठल्या घराण्यानं 'प्रतीक्षा यादी क्रमांक दोन' असं कधी कळवलं?

फॉर्मचं तसं नाही. तो मठ्ठ आहे, पण कुणाचं तोंड बघून दार लावत नाही. वडिलांचं नाव तोही विचारतो. पण ते गवई होते का, हे विचारत नाही, फक्त स्पेलिंग विचारतो. त्याला पाणी भरावं लागत नाही. त्याला फोटो पन्नास केबीत आणि सही वीस केबीत दिली की तो तृप्त होतो. बडोद्याला सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, विष्णू दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं, भातखंड्यांच्या खटपटीनं १९२६ साली लखनौला कॉलेज निघालं, पुणे विद्यापीठानं १९८७ साली ललित कला केंद्र काढून त्याला गुरुकुल असंही म्हटलं. ही सगळी खटपट ज्याचा मामा गवई नाही अशा पोरासाठी होती, असं मी समजतो. भजनी मंडळाला हे पटलं नाही. त्यांच्यापैकी एकाचा मामा गवई आहे.

अर्जासोबत गाण्याचा व्हिडिओ मागितला होता; सलग, कापाकापी न केलेला. मी पहिल्यांदा सकाळी बसलो. फोन तूरडाळीच्या डब्याला टेकवला, तंबोऱ्याचं ॲप लावलं आणि भूप सुरू केला. घंटागाडी आली आणि तिच्या गाण्यानं माझ्या षड्जाला बाजूला सारून आपला षड्ज लावला. ते जमवून घेतलं असतं, पण मुलीनं व्हिडिओ बघून सांगितलं, "पप्पा, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा ना? मागं भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ वाजलेत."

"रात्रीचे सव्वानऊ."

"खिडकीतून ऊन आलंय."

मग संध्याकाळ धरली. नेमकी त्या दिवशी गजानन महाराजांची पालखी धाराशिवात मुक्कामाला. शेगावहून पंढरीला निघालेली ही दिंडी आमच्याकडून पुढं तुळजापूर, सोलापूर करत जाते. पांढऱ्या कपड्यांतले वारकरी, रांग म्हणजे रांग, शेकडो टाळ एकाच वेळी पडतात आणि एकाच वेळी थांबतात. एकताल विलंबित लावून मी कसाबसा समेकडं सरकत होतो. टाळांचा तो लोंढा मुख्य रस्त्यावरून गल्लीच्या तोंडाशी आला आणि माझ्या डोक्यातला ठेका त्यांच्याबरोबर पंढरपूरला चालायला लागला. बायको ओवाळायला ताट घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेली. परत येताना तिला मी दिसलो. "अजून संपलं नाही का?" हेही रेकॉर्ड झालं. मुलीच्या मते तेवढा भाग सगळ्यांत सुरेल होता. तोच व्हिडिओ पाठवला, कारण मुदत रात्री बारापर्यंत होती आणि अपलोड होण्याचं चक्र पावणेबारापर्यंत फिरत होतं.

तरी चाचणीला बोलावणं आलं. ते विद्यापीठ कुठलं हे सांगत नाही, उगाच त्यांना अडचण. व्हरांड्यात पोरंपोरी भिंतीकडं तोंड करून आलाप घेत होती. माझ्या शेजारी तुळजापूरकडचा एक पोरगा, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं. घर गोंधळ्यांचं, आजा, बाप, चुलते सगळे देवीपुढं वाजवणारे. फडकं सोडून त्यानं दाखवलं: संबळ. जोडीतलं एक मोठं, एक लहान, आणि वाजवायच्या काठीचं टोक वाकडं, हाताच्या घामानं काळं झालेलं.

"गुरुजी, फॉर्मात तबला आन पखवाजच होता. म्या तबला टाकला. चालंल का?"

"तबला येतो?"

"थोडा येतो. पर आत गेल्यावर हे काढणार." मग जरा थांबून म्हणाला, "घराणं विचारलं तर काय सांगायचं?"

तुझं घराणं तेवढं सगळ्यांत जुनं निघेल, असं मी त्याला म्हणालो. ते खरं आहे की नाही हे मोजलेलं नाही, पण चाचणीला जाणाऱ्या पोराला खरं कशाला सांगायचं? तो आत गेला. पाच मिनिटं तबला ऐकू आला, बेताचा. मग जे सुरू झालं त्यानं व्हरांड्यातले सगळे आलाप बंद पडले, आणि ऑफिसातला शिपाई हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभा राहिला तो हलेचना. चहा थंड झाला म्हणून आतून कुणी ओरडलं नाही, यावरून मी निकाल ओळखला.

पाश्चात्त्य देशांत वाद्यवृंदाच्या चाचणीला उमेदवार पडद्याआड बसवतात, म्हणजे परीक्षकांना तो दिसू नये. माझ्या वेळी परीक्षक पडद्याआड असते तर बरं झालं असतं. तिघंही माझ्या मुलीच्या वयाचे. मला बघून तिघंही उठून उभे राहिले. "या सर, बसा. कुणाला घेऊन आलात?"

गैरसमज दूर झाल्यावर गाणं झालं. गाण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की उंदरांनी घालून दिलेली शिस्त कामी आली. मध्यम-निषादाला चुकूनही धक्का लागला नाही. मग तोंडी परीक्षा. मधल्या बाईंनी अगदी अपेक्षित प्रश्न टाकला. "भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. मग फरक काय?"

पाठ होतं. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. देशकारात नेमकं उलटं, वादी धैवत, संवादी गंधार. भूप संध्याकाळचा, खालच्या अंगात रमणारा. देशकार सकाळचा, वर चढणारा. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरंच बसलं होतं, आणि तोंडातून तेच आलं.

"मॅडम, उस्मानाबाद आणि धाराशिव."

शांतता. मला वाटलं, संपलं. मग डावीकडचे परीक्षक, ते आमच्याच भागातले असावेत, म्हणाले, "स्पष्ट करा."

"स्वर तेच, गाव तेच, माणसं तीच. वादी तेवढे वेगळे."

"आणि वादी हायकोर्टात गेले होते," ते म्हणाले, आणि मग पुढचं कुणालाच बोलता येईना.

यादी लागली. संबळवाला पहिल्या पाचांत होता. मीही होतो, जरा खाली, पण कागदाच्या आत. बायकोनं बातमी ऐकून पहिला प्रश्न डब्याचा विचारला. आणि मग प्रवेशाच्या कागदांत शेवटचा एक कागद निघाला: रॅगिंगविरोधी हमीपत्र. विद्यार्थ्यानं सही करायची, आणि त्याखाली त्याच्या पालकानं. वयाची अट नव्हती, की सूट नव्हती. पालक म्हणजे आई किंवा वडील.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई तेरला असते. पंच्याऐंशी पार, कान एकदम तल्लख. सही तिला मीच शिकवली, प्रौढ साक्षरता वर्गात. वर्ग भरायचा आमच्याच ओसरीवर, कारण पट दाखवायला माणसं कमी पडत. कागद घेऊन गेलो. तिनं चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा बघितला.

"ह्यात काय लिवलंय?"

"मी कॉलेजात कुणाला त्रास देणार नाही, असं तू लिहून द्यायचंय."

"म्या?"

"पालकांची सही लागते."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. आयुष्यभर पोरांचे आईबाप शाळेच्या दारात येऊन मला सांगून जायचे, गुरुजी, ऐकत नसलं तर हाणा, आमचं काही म्हणणं नाही. आता ही तेच म्हणते की काय, असं वाटून मी पेनाचं टोपण काढून तयार ठेवलं.

"तसं पोरगं गरीब हाय," ती कागदालाच सांगितल्यासारखं म्हणाली. "मारामारी न्हाई, काय न्हाई. पर पेटी घिऊन बसल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्याला किती तरास हुतो, ते म्या बघितलंय. पेटीचं तेवढं ह्यातनं वगळा म्हनावं. मग करते सही."